साहस कुणाचे, चव कुणाची?

(द्वितीय वर्ष, बी. ए.)

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जानेवारीत, आपल्या महाविद्यालयाची भूगोलाची सहल माथेरानला गेली. सूचनाफलकावर सुवाच्य अक्षरांत कागद लागला होता : 'माथेरान. दोन दिवस. निसर्ग, साहस व उत्तम भोजन. इच्छुकांनी आठ दिवसांत नावे द्यावीत.' फलकापुढे ही गर्दी! कुणी बुटांची चौकशी करत होते, कुणी थंडी किती असेल ते विचारत होते. मी तो कागद दोनतीनदा वाचला आणि मनातल्या मनात हसले.

हसले, कारण आमच्या वाडीत माथेरानला कुणी 'माथेरान' म्हणत नाही. आम्ही नुसते 'वर' म्हणतो. 'बाबा वर गेलेत', 'दूध वर गेलं', 'आज वर माणसं आहेत, भाजी खपेल'. डोंगराच्या पायथ्याला जन्मलेल्या मुलीला माथा हा कामाचा असतो. तो दोन दिवस पाहायचा असतो, आणि पाहण्यासाठी पैसे भरायचे असतात, हे मला महाविद्यालयात आल्यावर समजले. माझ्या आजीने तीसएक वर्षे डोक्यावर भाजीचा हारा नाहीतर लाकडाची मोळी घेऊन हा डोंगर चढला. इतक्या वर्षांत एक रात्रही ती वर राहिली नाही. संध्याकाळी उतरायचे, हाच नियम. तिची नात पैसे भरून वर राहायला निघाली, तेव्हा तिने एवढेच विचारले, "रात्री निजाया पैसं द्यायचं व्हय?"

या लेखात मला सहलीचे वर्णन करायचे नाही. ते मागच्या अंकात एका मित्राने फार छान केले आहे. सहलीतून मनात जे प्रश्न आले, ते आपल्यापुढे ठेवावेत एवढाच हेतू. काही वाक्ये कडू लागली तर प्राध्यापकांनी आणि मित्रमैत्रिणींनी क्षमा करावी. त्यांतली निम्मी मी स्वतःलाच उद्देशून लिहिली आहेत.

आधी थोडी माहिती, म्हणजे मुद्दा पटेल. माथेरान म्हणजे माथ्यावरचे रान. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवरचे हे सपाट पठार सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून जरा सुटे उभे आहे. खाली काळ्या बेसाल्टचे थर आणि वर जांभ्याची टोपी. म्हणून तिथल्या वाटा तांबड्या. घरी परतलेल्या प्रत्येकाच्या बुटाला आणि पायजम्याला ती तांबडी धूळ लागलेली असते. १८५० साली ठाण्याचे तेव्हाचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे चौक गावाच्या बाजूने वर चढले आणि पुढे इथे साहेबांचे बंगले उठले. पुस्तकात याला 'माथेरानचा शोध' म्हणतात. आमच्या बाजूच्या लोकांना हा शब्द ऐकून गंमत वाटते. शोध लागण्यापूर्वी डोंगर काही हरवला नव्हता. त्यावर गुरे चरत होती, लाकूडफाटा निघत होता, देव बसलेले होते.

१९०७ साली नेरळहून वर जाणारी लहान गाडी सुरू झाली. आदमजी पीरभॉय या मुंबईच्या घराण्याने पदरचा पैसा घालून ती बांधली. दोन फुटी रुळांवरून सुमारे २१ किलोमीटरची नागमोडी वाट ती हळूहळू चढते. २००५ च्या महापुरात तिचा मार्ग वाहून गेला आणि २००७ मध्ये ती पुन्हा धावू लागली. २००३ साली केंद्र सरकारने या परिसराला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केले. पेट्रोल-डिझेलच्या गाड्या दस्तुरी नाक्यापाशी थांबतात. रुग्णवाहिकेसारखा अपवाद सोडला तर पुढे जात नाहीत. त्यामुळे तिथली हवा स्वच्छ, झाडी दाट आणि शांतता अजून शिल्लक आहे. सगळे जण याचे कौतुक करतात आणि ते योग्यच आहे.

पण मोटार चालत नाही, तेव्हा ओझे कोण चालवते? हॉटेलातले बटाटे, गॅसच्या टाक्या, सिमेंटची पोती, गाद्या, पाहुण्यांच्या बॅगा, कधी कधी पाहुणेसुद्धा, हे सगळे शेवटी घोड्याच्या पाठीवर नाहीतर माणसाच्या खांद्यावरच येते. माथेरानच्या शांततेला एक आवाज आहे. तो ओझ्याखाली धापा टाकणाऱ्या माणसाचा. तो ऐकायला कान जरा खाली न्यावा लागतो इतकेच.

आता साहसाकडे वळते.

सहलीच्या पहिल्या दिवशी दुपारी आम्ही दोराला लटकून दरी ओलांडली. कमरेला पट्टा, डोक्याला शिरस्त्राण, खाली खोल दरी. मुले ओरडत होती, मुली डोळे मिटून घेत होत्या, पलीकडे पोचले की टाळ्या. मीसुद्धा गेले. खोटे कशाला बोलू, मजा आली. पोटात गोळा आला आणि पलीकडे पाय टेकल्यावर जग जिंकल्यासारखे वाटले. अशा खेळांना माझा विरोध नाही. पुस्तकांत डोके खुपसून बसलेल्या आपल्यासारख्यांना अंगातली भीती एकदा झटकून टाकायची संधी मिळते, हे चांगलेच आहे.

पण त्या दोराचे दुसरे टोक ज्याच्या हातात होते, तो मुलगा आमच्याच बाजूचा निघाला. वय माझ्याएवढेच असेल. मी त्याला विचारले, तू किती वेळा ओलांडलीस? तो म्हणाला, "दोरावरून एकदाच, शिकताना. बाकी खालून." खालून म्हणजे काय, ते माझ्या वर्गातल्या कुणाला कळले नाही. मला कळले. दरीत उतरायचे आणि समोरच्या अंगाने चढायचे. पावसाळ्यातही. शाळेसाठी, किराण्यासाठी, मधासाठी. त्याला कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वन ट्री हिलवर गेलो. तिथून खाली उतरणाऱ्या खडकाळ वाटेला 'शिवाजीची शिडी' म्हणतात. गटातल्या काही जणांनी थोडे उतरून पाहिले आणि छायाचित्रे काढून घेतली. 'जीवघेणी वाट आहे रे!' असे एक जण म्हणाला. तेवढ्यात त्याच वाटेने डोक्यावर हारा घेतलेली एक म्हातारी वर आली. हाऱ्यात पेरू आणि वालाच्या शेंगा होत्या. तिने हारा उतरवला, पदराने तोंड पुसले आणि दगडावर बसली. सगळ्यांना अचंबा वाटला. मग आमच्यातल्या एकाने पेरूंचा वाटा वीसला म्हणाली तो दहाला मागितला. तिने पंधराला दिला. त्याच मुलाने आदल्या रात्री हॉटेलात थंड पेयाची बाटली छापील किमतीपेक्षा जास्त पैसे देऊन, चकार शब्द न काढता, घेतली होती.

त्याच्यावर टीका करण्याचा मला अधिकार नाही, कारण पुढे जे झाले ते त्याहून वाईट आहे. म्हातारी माझ्याकडे निरखून पाहत म्हणाली, "कुनाची गो तू?" माझा चेहरा आजीवर गेला आहे, असे सगळे म्हणतात. तिने ओळखले असावे. आणि मी, द्वितीय श्रेणीत पहिले वर्ष काढत असलेली कुमारी विद्यार्थिनी, शुद्ध पुस्तकी मराठीत उत्तरले, "आम्ही महाविद्यालयाकडून सहलीला आलो आहोत." जणू मला वाडीच नाही. जणू कुणाची नात असणे हे लपवण्याजोगे आहे. ती "बरं बाय" म्हणाली आणि पैसे मोजू लागली. दरी ओलांडताना जी भीती गेली असे वाटले होते, ती तिथे चार मैत्रिणींसमोर परत आली. खरे साहस तिथे करायचे होते. 'मी तिकडची, अमक्या आजीची नात' एवढे पाच शब्द मैत्रिणींसमोर बोलायचे होते. ते माझ्याच्याने झाले नाही. म्हणून आज इथे लिहिते आहे.

साहस म्हणजे तरी काय? स्वतःच्या इच्छेने, सुरक्षिततेची सोय करून, घटकाभर धोका पत्करणे याला आपण साहस म्हणतो. तोच धोका रोज, नाइलाजाने, कसलीही सोय नसताना पत्करला तर त्याला आपण नावच देत नाही. डोंगरउतारावरच्या आमच्या वाडीपर्यंत गाडी येण्याजोगा रस्ता नव्हता, तेव्हाची गोष्ट. एका श्रावणात शेजारच्या बाईला कळा सुरू झाल्या. चार पुरुषांनी बांबूला चादरीची झोळी बांधली आणि धो धो पावसात, निसरड्या वाटेने, बॅटरीच्या उजेडात तिला खाली नेले. बाई वाचली, मूल वाचले नाही. मी तेव्हा सातवीत होते. त्या चौघांपैकी एक माझे चुलते. ते पुढे कित्येक वर्षे माथ्यावर हातरिक्षा ओढत होते. म्हणजे खाली झोळीत आजारी माणूस वाहायचे, पोटासाठी. आणि वर खुर्चीत धडधाकट माणूस वाहायचे, तेही पोटासाठीच. एकाच खांद्याची ही दोन कामे. पहिल्याचे पैसे मिळत नाहीत, दुसऱ्याचे मिळतात, एवढाच फरक.

हातरिक्षांचा विषय निघालाच आहे तर त्यावरही माझे मत सांगते. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा मानवी प्रतिष्ठेला न शोभणारी ठरवली आणि ती सहा महिन्यांत बंद करावी असा आदेश दिला. विजेवर चालणाऱ्या रिक्षा प्रत्यक्ष रिक्षा ओढणाऱ्यांना मिळाव्यात, असेही न्यायालयाने म्हटले. स्वातंत्र्य मिळून अठ्ठ्याहत्तर वर्षे होत असताना हे सांगावे लागले, याची आपल्याला लाज वाटायला हवी. आमच्या घरात मात्र त्या बातमीने दोन्ही तऱ्हेचे बोलणे झाले. चुलते म्हणाले, "बरं झालं, गुडघं गेलंच होतं." काकी म्हणाली, "गुडघं गेलं, पर हप्ता कोन भरंल?" मला दोघांचेही म्हणणे खरे वाटते. प्रथा गेलीच पाहिजे, त्यात 'पण' नको. परंतु ज्याच्या खांद्यावरून ती उतरवायची, त्याच्या हातात नवे चाक आधी पडले पाहिजे. नाहीतर सुधारणा म्हणजे ओझे उतरवण्याऐवजी माणसालाच उतरवून ठेवणे होईल. घोडेवाल्यांचीही अशीच काळजी आहे. तिची टिंगल न करता तिचे उत्तर शोधायला हवे.

आता दुसरा शब्द घेऊ : 'उत्तम भोजन'.

सहलीत आम्हाला पनीर मिळाले, चायनीज मिळाले, सकाळी ब्रेड आणि जॅम मिळाला. पोटभर मिळाले, तक्रार नाही. येताना प्रत्येकाने चिक्कीची पाकिटे घेतली. मीही घेतली, आजीला दात नाहीत हे विसरून! परंतु दोन दिवसांत, त्या म्हातारीचे पेरू सोडले तर, त्या डोंगराने पिकवलेले काहीही आमच्या पोटात गेले नाही. दोन तासांच्या अंतरावरून आम्ही गेलो आणि आमच्या रेल्वे स्टेशनाबाहेर जे मिळते तेच डोंगरावर बसून खाऊन आलो. मग तिथे गेलो कशाला?

त्या डोंगराला चव नाही असे नाही. वैशाखात करवंदे, जांभळे, आळू आणि तोरणे असतात. पहिला पाऊस पडला की शेवळे उगवतात. त्यांत काकडे घातली नाहीत तर घसा खवखवतो, हे ज्ञान कोणत्याही पाकपुस्तकाआधी आमच्या आयाबायांना होते. मग टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी, बांबूचे कोवळे कोंब. ओढ्याला चिंबोऱ्या. भात निघाला की त्याच ओलीवर वाल पेरतात, आणि जानेवारीत पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालायचा, त्यावर वालाच्या शेंगा, रताळी, बटाटे, जाडे मीठ आणि ओवा. वरून पुन्हा पाला दाबायचा. मडके उपडे ठेवून भोवती जाळ करायचा. तेल नाही, पाण्याचा थेंब नाही. मडके फोडल्याबरोबर जो वास सुटतो, तो मला या निबंधात लिहिता येत नाही. आम्ही वर पनीर खात होतो त्याच रात्री खाली शेताशेतांत पोपट्या लागल्या होत्या. खालचे जाळ वरून दिसत होते. 'काय सुंदर दिवे दिसतात!' असे कुणीतरी म्हणालेसुद्धा.

मात्र इथे मला एक सावधगिरी सुचवायची आहे. रानभाज्यांचे आता शहरात कौतुक होऊ लागले आहे. महोत्सव भरतात, थाळ्या निघतात. चांगली गोष्ट आहे. परंतु यांतल्या कित्येक गोष्टी चवीसाठी नव्हे, भुकेपोटी शोधलेल्या आहेत हे विसरू नये. आजी सांगते, पावसाळ्यात कणगी रिकामी झाली की कडूकंद खणून आणायचे. चिरायचे, राख घालून उकडायचे, टोपलीत घालून रात्रभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवायचे, तेव्हा कुठे त्यांचा कडूपणा जातो. सकाळी ते मिठाशी खायचे. मी तिला म्हटले, "आजी, आता हे हॉटेलात मिळेल, महाग." ती म्हणाली, "त्यांनी एकदा खावं. आम्ही दोन महिनं खात होतो." चवीचा इतिहास असा असतो. तो माहीत असला तर घास कडू होत नाही, फक्त जरा हळू खाल्ला जातो.

आणखी एक गोष्ट. माथेरानला शार्लोट तलावाचे पाणी आहे, शिवाय नेरळहून उल्हास नदीचे पाणी पंपांनी वर चढवले जाते. खाली आमच्या वाडीची विहीर एप्रिलमध्ये तळ गाठते आणि आई हंडा घेऊन अर्धा तास चालते. पाणी उंचावरून खाली वाहते असे आपण शास्त्रात शिकतो. पैशाच्या शास्त्रात ते खालून वर वाहते.

यावर कुणी म्हणेल, आणि आमच्या एका सरांनी म्हटलेही, की पर्यटक आले नाहीत तर तुझ्या वाडीची चूल कशी पेटेल? हे अगदी खरे आहे. माझी पहिल्या वर्षाची फी बाबांनी वर सामान वाहून मिळवलेल्या पैशांतूनच भरली. पाहुण्यांनी येऊ नये असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? पाहुणे यावेतच. माझे म्हणणे एवढेच, की आपण तिथे पाहुण्यासारखे जात नाही, गिऱ्हाइकासारखे जातो. पाहुणा घरच्यांची चौकशी करतो, घरात शिजले ते खातो, निघताना आपली पत्रावळ उचलतो. गिऱ्हाईक पैसे टाकते आणि वर पाहतसुद्धा नाही. पैसे दिले की सगळे देणे फिटले, ही समजूत आपण सुशिक्षितांनी तरी सोडली पाहिजे.

ओळखीचेच उदाहरण घ्या. आम्हाला वाटाड्याने शार्लोट, लुईसा, गार्बट, पॅनोरमा, इको अशी सगळी नावे पाठ करून सांगितली. बिचाऱ्याचे ते कामच. पण याच माथेरानात, एका नाभिक कुटुंबात, १ डिसेंबर १९१२ रोजी विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मले, हे आमच्यापैकी किती जणांच्या ध्यानात होते? गरिबीतून शिकून ते वकील झाले. शिकून वर गेले आणि वरच राहिले असे त्यांनी केले नाही; भोवतालच्या शेतकऱ्यांसाठी आणि आदिवासींसाठी झटले. १९४२ च्या लढ्यात त्यांनी आझाद दस्ता उभारला, विजेचे मनोरे पाडून सरकारला जेरीस आणले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या रानात हिराजी पाटील यांच्यासह ते हुतात्मा झाले. आमची सहल जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात होती. साहस या शब्दाचा अर्थ त्याच आठवड्यात, त्याच डोंगराने, ब्याऐंशी वर्षांपूर्वी सांगून ठेवला होता. आम्ही तो न वाचता इको पॉइंटवर स्वतःचीच नावे ओरडत बसलो. डोंगराने ती आम्हाला परत केली.

नुसती टीका करून थांबणे बरे नव्हे. म्हणून पुढच्या सहलीसाठी काही सूचना सहल समितीपुढे ठेवते. एक, निदान चढताना तरी पायी चढावे. वाटेतल्या वाडीत थांबून तिथल्या लोकांशी बोलावे. दोन, एक वेळचे जेवण एखाद्या वाडीत ठेवावे. भात, वालाचे बिरडे, भाकरी, ऋतूतली भाजी, जे शिजेल ते. किंमत तिथल्या बायांनी सांगावी, आपण घासाघीस करू नये. तीन, वर नेलेला प्रत्येक कागद आणि बाटली खाली आणावी. चार, सहलीच्या शुल्कात प्रत्येकाने थोडी भर घालावी, म्हणजे पैशावाचून कुणाचे नाव राहणार नाही. मागच्या वेळी वर्गातल्या सात जणांनी 'बरं नाही' असे कारण दिले होते. सातही जणांना एकाच वेळी बरे नव्हते, यावर कुणाचाच विश्वास नसावा. पाच, भूगोलाच्या अहवालात जांभा आणि बेसाल्ट यांच्याबरोबर एक पान माणसांचेही असावे : ओझे कोण वाहते, काय मजुरी मिळते, पाणी कुठून येते.

माझ्या पाचव्या सूचनेवर मी आधीच थोडे काम केले आहे. परीक्षा झाल्यावर, मे महिन्यात, आजीला घेऊन त्या पेरूवाल्या म्हातारीच्या वाडीला गेले. दोघी मोळ्या वाहताना एकत्र बसत असत, असे निघाले. तिने मला करवंदे दिली, पळसाच्या पानाच्या द्रोणात. मी म्हटले, मी त्या दिवशी ओळख दिली नाही, चुकले. ती म्हणाली, "पोरं शिकली की थोडी लाजतात. मग बरी होतात." आणि आजीकडे वळून दोघी जुन्या गोष्टी बोलू लागल्या.

आम्ही मागच्या सहलीहून परतलो त्या संध्याकाळी आजीने मला विचारले होते, "वर काय खाल्लंस गो?" मला सांगण्यासारखे काही आठवले नव्हते. पुढच्या वेळी सूचनाफलकावर 'साहस व उत्तम भोजन' असे लिहिले जाईल, तेव्हा तिला सांगण्याजोगे काहीतरी आपण सगळ्यांनी मिळून खाऊन यावे, एवढीच विनंती. समितीची तयारी असेल तर पहिल्या जेवणाची सोय आमच्या वाडीत करायला मी तयार आहे. आजीला विचारले आहे. ती म्हणाली, किती माणसं ते आधी सांगा.